चालू स्थितीत

ऊर्जा कधीही नष्ट होत नाही, हे विश्वाचं सत्य बॉयलरवाल्याला पूर्ण मान्य होतं. कोळसा मात्र गेल्या आठवड्यातच संपला होता. म्हणून आज सकाळी तो कॅन्टीनच्या शेवटच्या बाकाचे पाय कापत बसला होता.

कापड रंगवायचा हा कारखाना बंद पडून वर्ष होत आलं होतं. टाळं लागलं त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "गिऱ्हाईक येणार आहे. बॉयलर गरम दिसला तर कारखाना पुन्हा उभा राहील. गार पडला तर गेलं सगळं भंगारात. आता तुमच्यावर आहे!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत खांद्यावर हात पडण्याची ही पहिलीच वेळ. बॉयलरवाला विरघळला. पगार अर्धा, जबाबदारी अख्खी. शिवाय साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हातारा बॉयलर एकदा गार पडला की सांधे गळू लागतात, आणि मग तो पुन्हा दाब धरत नाही. बॉयलरवाल्याचा स्वतःचा गुडघा याला साक्षीदार होता.

कोळसा संपल्यावर त्याने आधी मोडक्या पेट्या जाळल्या, मग मांडणीच्या फळ्या, मग साहेबांचं टेबल. कारखाना वाचवण्यासाठी तो रोज थोडा थोडा कारखाना जाळत होता.

"अहो, तिकडे ओसाड कारखान्याला ऊब देताय, आणि इथे आंघोळीचं पाणी कोमटसुद्धा नाही," बायको म्हणायची.

"गिऱ्हाईक आलं की सगळ्यांना परत बोलावतील. तुझ्या भावालासुद्धा."

"त्याला नका बोलावू. तो असतानाच तर बंद पडला."

मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. तिने वेगळीच पंचाईत केली. "बाबा, बळ लावल्यावर वस्तू हलली तरच कार्य झालं म्हणतात. दिवसभर भिंत ढकला, कार्य शून्य. तुमच्या वाफेनं काय हलतं?"

"दाबाचा काटा हलतो की."

"तोही तुम्ही हलू देत नाही ना?"

त्यावर त्याने प्यायला पाणी मागितलं.

बाकाचा शेवटचा पाय भट्टीत गेला आणि फाटकाशी ट्रकचा हॉर्न वाजला. पुढे मॅनेजरसाहेब, मागे गिऱ्हाईक. बॉयलरवाल्याने काट्याची काच बाहीने पुसली, गळ्याशी बटण लावलं. काटा हवा तिथे होता.

गिऱ्हाइकाने पत्र्याला तळहात लावला आणि झटकन ओढून घेतला. "अरे देवा! हा तापलाय!"

"चालू स्थितीत आहे, साहेब. वर्षभर विझू दिला नाही."

"कशाला?"

बॉयलरवाल्याने मॅनेजरसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी धुराड्याकडे पाहिलं.

"भंगारात घेतलाय मी हा, काका," गिऱ्हाईक म्हणालं. "गार असता तर आजच कापून नेला असता. आता माझी माणसं बसणार हात चोळत."

"म्हणजे कारखाना..."

"ते मागेच ठरलं हो," मॅनेजरसाहेब म्हणाले. "तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं बघा. बरं, माझं टेबल कुठंय?"

"आत आहे," म्हणून बॉयलरवाल्याने भट्टीकडे बोट दाखवलं.

"पाणी मारा आणि विझवा," भंगारवाला म्हणाला.

"एकदम गार केला तर पत्रा तडकेल."

"तडकू दे की! तोडायचाच आहे."

पण ते काही बॉयलरवाल्याच्या हातून होईना. त्याने निखारे जरा जरा करून ओढले, झडप बोटभर उघडली, काटा त्याच्या चालीने उतरू दिला. भंगारवाल्याच्या माणसांनी घामेजलेले शर्ट गरम पत्र्यावर वाळत घातले. वर्षभरातला त्या उष्णतेचा तेवढाच उपयोग झाला.

बॉयलर गार व्हायला तीन दिवस लागले. एकही सांधा गळला नाही, पत्रा कुठे तडकला नाही. मग तो जेवणाच्या सुट्टीआधी कापून झाला.

ट्रक हलला. त्यावरचे तुकडेही हलले. बॉयलरवाला फाटकाशी उभा राहून बघत होता. बळ लागलं, वस्तू हलली. मुलीच्या हिशेबाने हे कार्य होतं.

ते ट्रकने केलं होतं. ट्रक डिझेलवर चालत होता.