शब्दोबांची दातखीळ

गल्लीत त्यांना सगळे शब्दोबा म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, वैताग जास्त होता. सारा जन्म इंग्रजी शब्दकोशाची प्रुफं तपासण्यात गेलेला माणूस. निवृत्त झाले तरी कुणी इंग्रजी शब्द उच्चारायचा अवकाश, हे त्याचं मूळ उकरायला बसलेच.

लेकीचं जवळजवळ ठरलेलं लग्न त्यांनी असंच मोडलं होतं. मुलाचे वडील आपल्या कुत्र्याच्या पेडिग्रीबद्दल भरभरून सांगत होते. शब्दोबांनी मध्येच तोंड घातलं, की पेडिग्री म्हणजे मुळात करकोच्याचा पाय, जुन्या वंशावळीतल्या रेघा तशा दिसत. ते गृहस्थ गुरगुरत उठले ते पुन्हा फिरकले नाहीत.

आता लेकीने स्वतःच एक मुलगा पसंत केला होता. त्याची आई फिजिओथेरपिस्ट. दोघं आज चहाला यायची होती. लेकीने सकाळीच हात जोडले.

"बाबा, आजचा दिवस गप्प बसा. त्या गेल्या की मी स्वतः तुम्हाला शब्द विचारीन. हवे तेवढे."

शब्दोबांना ते लागलं, चांगलंच लागलं. शब्दांवाचून आपल्याकडे दुसरं आहे काय, असं मनात येऊन गेलं. पण लेकीपुढे त्यांचं कधी चाललंय? हो म्हणाले बिचारे. बायकोचा मात्र त्या होकारावर काडीचा विश्वास नव्हता. बेल वाजताच तिने एक भलीमोठी चिकट टॉफी नवऱ्याच्या तोंडात कोंबली आणि दात घट्ट आवळून बसायला बजावलं.

फिजिओबाई उन्हाची छत्री मिटतच मुलासोबत आत आल्या आणि ही अम्ब्रेला कुठे ठेवू, असं त्यांनी नेमकं शब्दोबांनाच विचारलं. इवलीशी सावली! अर्थ जिभेच्या टोकावर आला. शब्दोबांनी दात आवळले आणि नुसतं कोपऱ्याकडे बोट केलं. मग बाईंना उकडायला लागलं, त्यांनी विंडो उघडायला सांगितली. वाऱ्याचा डोळा! शब्दोबांनी खिडकी उघडली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. शेवटी फोन नंबर लिहून घ्यायला बाईंनी पेन्सिल मागितली, तेव्हा तर ह्यांच्या कपाळावर घाम फुटला.

बाईंना काय कल्पना? समोरचा माणूस ना हसतो, ना बोलतो, नुसता दात आवळून बघतो. त्यांनी कप खाली ठेवला.

"माझा मुलगा तुम्हाला पसंत नसेल तर सरळ सांगा. आम्ही येतो."

लेकीचा चेहरा पडला. शब्दोबा धडपडत उठले, तसं काही नाही म्हणायला गेले, आणि तोंड उघडेचना. टॉफी केव्हाच विरघळली होती, पण इतका वेळ आवळलेला जबडा तसाच अडकला होता. खरोखरची दातखीळ. ते नुसते हातवारे करत राहिले.

फिजिओबाईंनी एकदा निरखून पाहिलं, पर्स बाजूला टाकली आणि व्याही होणाऱ्या माणसाला खुर्चीत दाबून बसवलं. दोन्ही अंगठे त्याच्या गालांत रोवले.

"हा मसल बघा, नुसता दगड झालाय."

कट् असा आवाज झाला, जबडा सुटला, आणि पहिला शब्द बाहेर पडला.

"उंदीर!"

बायको खुर्चीवर चढली. मुलाने पाय वर घेतले. लेकीने डोळे मिटून घेतले. हेही लग्न गेलं म्हणून तिने मनातल्या मनात हात टेकले.

सुटलेलं तोंड आता आवरणार कोण? मसल म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर, दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो ना, म्हणून. त्याच ओघात छत्री आली, खिडकी आली. शब्दोबा भानावर आले तेव्हा सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

फिजिओबाईंनी स्वतःचा दंड फुगवून पाहिला. सैल सोडला. पुन्हा फुगवला.

"म्हणजे अख्खा जन्म मी उंदीर चोळत बसले होते," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग सांगू लागल्या, की नवरा गेल्यापासून घर मुकं झालंय, मुलगा हं आणि हो यापलीकडे जात नाही. असा बोलका व्याही मिळत असेल तर लग्न उद्याच उरकू या. मुलगा हो म्हणाला.

लेक बाबांच्या खुर्चीपाशी येऊन बसली. पाहुणे जायची वाटही तिने पाहिली नाही.

"बाबा, पेन्सिलचं राहिलं. पेन्सिल म्हणजे काय?"

छोटी शेपटी, एवढंच तर सांगायचं होतं. शब्दोबांनी तोंड उघडलं, पण गळा दाटून आला आणि शब्द फुटेना.

फिजिओबाई अंगठे सरसावत उठल्या. "बसा खाली. पुन्हा अडकला वाटतं."