कानातला मोती

कानातला मोती मात्र सुरेख आला होता – भिंगाखाली त्याची चकाकी, त्याला धरणारी सोन्याची तार, सुरकुतलेली कानाची पाळी, मागचा एकेक पांढरा केस... आणि डोळे? डोळे म्हणजे चहात बुडवून विसरलेला पाव. हेन्रीने प्रिंट टेबलावर उपडा टाकला. हा तिसरा रोल, आणि तिन्ही वेळा म्हातारी हलली होती.

मम्मीला हा फोटो स्वतःच्या मरणासाठी हवा होता. माणूस गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये त्याच्यासाठी मिसा, म्हणजे प्रार्थना, होते, तेव्हा वाटतात त्या कार्डावर छापायला. शेजारच्या नोएलच्या कार्डावर पोरांनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून छापला होता, तेव्हापासून तिने धसका घेतला होता. "लोकांकडे बघणारा फोटो पाहिजे, हेन्री," ती म्हणाली होती. "माझं कानातलं बघून कोण रडणार?"

हलायचं नाही, एवढं एकच काम होतं तिला. तेही जमत नव्हतं. आणि परवा दादरच्या फोटोग्राफी क्लबात तो हितेंद्र – लग्नाच्या पंगती टिपून पोट सुटलेला, फोटो कमी आणि फोटोवरची चर्चा जास्त करणारा – चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "आई नाही हलत रे. तुझ्या लेन्सचं छिद्र लहान केलं की फोकस मागे सरकतो." हेन्री मनापासून हसला होता. अंधुक उजेडासाठी केलेली ही मोठ्या तोंडाची लेन्स. पूर्ण उघडी ठेवली तर पापणी स्पष्ट आणि नाक धूसर, म्हणून सावधगिरीने छिद्र थोडं मिटायचं, म्हणजे फोकसला ऐसपैस जागा मिळते – हे शाळकरी पोरालाही कळतं. शिवाय कॅमेऱ्यावर लेन्सच्या बाजूला असलेल्या, फोकस जुळवायच्या छोट्या खिडकीत मम्मीच्या डोळ्याच्या दोन प्रतिमा जुळून एक झालेल्या त्याने स्वतः पाहिल्या होत्या. स्वतः पाहिलेलं खोटं, आणि या गाढवाने इंटरनेटवर वाचलेलं खरं?

तरी दुपारी, मम्मी झोपल्यावर – केवळ त्याचं तोंड बंद करायला – हेन्रीने कॅमेऱ्याची पाठ उघडली, फिल्मच्या जागी बटर पेपर चिकटवला, शटर उघडं ठेवलं आणि तिची रोझरी टेबलावर लांब पसरली. क्रूसावर फोकस जुळवला. लेन्स पूर्ण उघडी : पुढचा क्रूस लख्ख. तो कुत्सितपणे हसला, कडं फिरवून छिद्र मिटत गेला... क्रूस पुसट झाला आणि मागचा मणी रेखीव. पुन्हा केलं. पुन्हा मणीच. बाजूच्या खिडकीत मात्र क्रूस जसाच्या तसा जुळलेला. ती खिडकी लेन्समधून बघतच नव्हती; आत काय चाललंय याची तिला गंधवार्ता नव्हती. हेन्रीने लेन्सला शिवी घातली, ती बनवणाऱ्यांना घातली, आणि सगळ्यांत घाणेरडी हितेंद्रला, कारण तो बरोबर होता.

तिन्ही रोलच्या वेळी तो तिच्यावर ओरडला होता : हलू नकोस... किती वेळा सांगायचं... एक मिनिट नीट बसता येत नाही तुला? आणि ती – हो रे बाबा, माझंच चुकतं – गाल आत ओढून, श्वास कोंडून, बुडणाऱ्या माणसासारखी...

संध्याकाळी तिने जांभळी साडी नेसली, मोती घातले आणि गॅलरीतल्या खुर्चीत ताठ बसली. उपायही हितेंद्रनेच न विचारता सांगितला होता : फोकस जुळवायचा आणि मग बोटभर मागे व्हायचं, की मागे सरकलेला फोकस बरोबर डोळ्यावर येतो. म्हणजे हलायचं ते हेन्रीने.

"मम्मी, श्वास घे."

"हलले तर ओरडशील."

 त्याने तिच्या डोळ्यावर प्रतिमा जुळवल्या आणि बोटभर मागे झाला. लगेच खिडकीत त्या सुटल्या. तिच्या डोळ्याची कड दुहेरी दिसू लागली. असं दिसत असताना बटण दाबणाऱ्यांची त्याने आयुष्यभर टिंगल केली होती. तिचे खांदे सावकाश वर-खाली होत होते, ती त्याच्याकडेच बघत होती, आणि बटणावर बोट ठेवून तो तिरस्काराला माणूस शोधत राहिला – हितेंद्र पुरत नव्हता, लेन्स पुरत नव्हती... जिच्या भरवशावर तो मम्मीवर ओरडला होता, डोळ्याला चिकटलेल्या त्या एवढ्याशा, स्वच्छ, खात्रीच्या खिडकीची त्याला किळस आली.