करिष्मा आठ

माणूस कसा आहे हे सहा आकड्यांत सांगता येतं, असं आमच्या खेळाचं म्हणणं आहे. ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिष्मा. सुरुवातीला सगळ्यांना सारखेच सहा आकडे मिळतात, पंधरापासून आठपर्यंत, आणि कुठला कुठे टाकायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी माझं पात्र म्हणून खडकू नावाचा ढालवाला लढवय्या केला. ताकदीला पंधरा दिले आणि उरलासुरला आठ करिष्म्याच्या माथी मारला. "गोड बोलून राक्षस मरत नाही," असंही वर ऐटीत म्हणालो. चार वर्षं झाली त्याला. अजून जीभ चावावीशी वाटते.

इथे अमेरिकेत, सांता क्लारामध्ये रत्नाच्या घरी, दर रविवारी दुपारी, डायनिंग टेबलाभोवती आम्ही चौघं बसायचो. खेळ रत्ना चालवायची. गोष्ट तिची, राक्षस तिचे, निकाल वीस बाजूंच्या फाशाचा. फाशावर जे पडेल त्यात तुमच्या गुणाप्रमाणे भर किंवा घट. संग्राम, सुशांत आणि मी एकाच ऑफिसातले. सुशांतने शाहीर घेतला होता, नाव मदनराव, आणि पंधराचा आकडा सरळ करिष्म्यावर ठेवला होता. मी त्याला हसलो होतो.

तिसऱ्याच रविवारी एका किल्ल्याच्या दारात पहारेकऱ्याने विचारलं, कशाला आलात? मी पुढे होऊन खरं ते सांगितलं की तुमच्या राजाने चोरलेली तलवार न्यायला आलोय. फासा टाकला, चार पडले, त्यातून एक वजा. तीन रविवार आम्ही तुरुंगात काढले. मग रत्नाने नियमच केला. "यापुढे खडकू तोंड उघडणार नाही. बोलेल फक्त मदनराव. सुमंत, तुला काही सुचलं तर त्याला चिठ्ठी दे."

तेव्हापासून मी पिवळ्या चिठ्ठ्या लिहायला लागलो. या पहारेकऱ्याचा भाऊ लढाईत गेलाय. ही म्हातारी राजाची दाई होती. गोष्टीतले असले बारकावे माझ्याच लक्षात राहायचे. सुशांत चिठ्ठी वाचायचा, क्षणभर डोळे मिटायचा आणि असं काही बोलायचा की रत्ना फासा टाकायला सांगायचंच विसरायची. दरवाजे उघडायचे. चिठ्ठी माझी होती हे कोणाच्या गावीही नसायचं, आणि खरं सांगतो, तेव्हा मला ते खुपतही नव्हतं.

खेळात हे ठीक होतं. मी शहाणा तेच ऑफिसात घेऊन गेलो.

ग्राहकांच्या तक्रारी वाचून योग्य माणसाकडे पाठवणारी सिस्टीम मी दीड वर्ष खपून बांधली. डायरेक्टरसमोर ती मांडायची वेळ आली तेव्हा मी मागे सरलो. मीच सुशांतला म्हणालो, "तू बोल. मी चॅटवर चिठ्ठ्या देतो." कोणी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. मग दर महिन्याला तेच. डायरेक्टरने प्रश्न विचारला की मी टाइप करायचो, तो बोलायचा आणि ती मान डोलवायची.

गेल्या मंगळवारी कॅलेंडरवर विषय नसलेली पंधरा मिनिटांची मीटिंग आली. दुपारपर्यंत नोकरी गेली, लॅपटॉप बंद. व्हिसाचे साठ दिवस, तेवढ्यात दुसरी नोकरी, नाहीतर सामान बांधा. बायकोची, शुभाची, कामाची परवानगी माझ्याच व्हिसाला टांगलेली. लेक अनिका चौथीत, आणि तिच्या लेखी नागपूर म्हणजे आजीचा व्हिडिओ कॉल.

गुरुवारी संग्रामचा फोन आला. कोणाला काढायचं याची यादी डायरेक्टरने ठरवली तेव्हा तो आणि सुशांत त्या खोलीत होते.

"यार, तिने डायरेक्ट विचारलं, सुमंत एक्झॅक्टली काय करतो?"

"मग?"

"सुशांत म्हणाला, नाइस गाय आहे. मला हेल्प करतो."

"आणि तू काय बोललास?"

"मला कोणी विचारलंच नाही रे."

माझी कानशिलं तापली. पण त्याने एक कामाची गोष्टही सांगितली. शेजारच्या टीममध्ये एक जागा होती. तिथला मॅनेजर मला घ्यायला तयार होता, फक्त सिस्टीम माझी आहे असं सुशांतने त्याला लेखी कळवायला हवं होतं. सोमवारी सकाळी नऊच्या आत. एक मेल, तीन ओळींचा.

"फोनवर मागू नकोस," शुभा म्हणाली. "फोनवर तो तुला गुंडाळेल. समोर बसून लिहून घे."

म्हणून रविवारी गेलो. गाडीत दोन वाक्यं घोकत गेलो. पहिलं त्याला जाब विचारणारं. दुसरं होतं, आत्ता, माझ्यासमोर, मेल लिही.

रत्नाने खिचडी केली होती. मी बसलोही नाही. "सुशांत, चार वर्षं मदनराव प्रत्येक दारात खडकूसाठी बोलला. त्या खोलीत तुला माझ्याबद्दल विचारलं तेव्हा तू काय बोललास?"

माझा आवाज कापला नाही. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा माझा फासा वीसवर पडला.

सुशांतने चष्मा काढून टेबलावर ठेवला. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने नाकारलं नाही.

"चुकलो, सुमंत," तो म्हणाला. "घाबरलो यार. तू काय करतोस हे खरं सांगितलं असतं, तर तिचा पुढचा प्रश्न असता, मग सुशांत, तू काय करतोस? आणि माझ्याकडे आन्सर नव्हतं. मी तुझ्या चिठ्ठ्या वाचतो रे. बाकी मी रिकामा आहे. मंगळवारपासून झोपलो नाहीये. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, त्या मुलाला तोंड कसं दाखवशील?"

त्याचे खांदे हलायला लागले. रत्नाने पाणी पुढे केलं. संग्रामने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, केवढं लागलंय त्याला. दुसरं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण रडणाऱ्या माणसापुढे कागद सरकवणं मला हलकटपणाचं वाटलं.

"जाऊ दे रे," मी म्हणालो. माझा हात कधी त्याच्या खांद्यावर गेला ते मला कळलं नाही.

आमच्यात खेळाडू जाणार असेल तर त्याच्या पात्राला निरोप द्यायची पद्धत आहे. मदनरावाने दिला. खडकूची ढाल किल्ल्याच्या दारावर टांगून तो बोलला, की ह्या दारातून आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगा, हे ज्याने उघडलं तो कधीच बोलला नाही. रत्नाने डोळे पुसले. मीही पुसले. फासा कोणी मागितला नाही.

सुशांतची गाडी गॅरेजला होती. क्युपर्टिनोपर्यंत त्याला मीच सोडलं. उतरताना त्याने मला मिठी मारली. "तुझ्यासारखा माणूस नाही, सुमंत."

घरी आलो तर दोघी दारातच उभ्या.

"डिड ही से येस, बाबा?" अनिकाने विचारलं.

मी अख्खी दुपार आठवून पाहिली. सॉरी त्याने निदान दहा वेळा म्हटलं होतं. मेलचा विषय एकदाही निघाला नव्हता. त्याने काढला नव्हता, मीही नाही.

"लिहितोय ना तो?" शुभा म्हणाली.

मी खाली वाकून बुटाची नाडी सोडत राहिलो.

"त्याला फार वाईट वाटलंय गं," मी म्हणालो.