घंटीवाली रेकॉर्ड

मास्तर जुन्या रेकॉर्डच्या दुकानात शिरले आणि गल्ल्याकडे जायचं सोडून उजव्या हाताच्या खोक्यांपाशीच घुटमळायला लागले. एक कव्हर उचल, मागची बाजू वाच, ठेव. दुसरं उचल. नाचाच्या रेकॉर्डी, लहान मुलांच्या गोष्टी, व्यायामाच्या सूचना, कुठल्याशा पुढाऱ्याची भाषणं. भाषणांच्या वाटेला मास्तर उभ्या जन्मात गेले नव्हते, पण आज तीसुद्धा त्यांनी एकूण एक चाळली. ज्या कामासाठी आलो त्याचीच धास्ती वाटायला लागली की माणूस असंच करतो.

"अहो, मामांनी ती रेकॉर्ड बाजूला काढून ठेवलीय म्हणाला होतात ना?" मागून बायको म्हणाली.

"बघतोय जरा. तुला कसली घाई आहे?"

"मला मेलीला कसली घाई. तुम्हीच सकाळपासून बूट घालताय नि काढताय."

मास्तर म्हणजे कुणाला शिकवणारे मास्तर नव्हेत. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला तो बायकोचा, आणि नाव पडलं यांना. हे पियानो जुळवणारे. लोकांच्या घरी जायचं, पियानोचं झाकण उघडायचं, तारा पिळून एकेक सूर जागेवर आणायचा, हा त्यांचा धंदा. उरलेला वेळ आणि पैसा जायचा रेकॉर्डींत. घरात पाहुण्याला बसायला खुर्ची नव्हती, कारण खुर्च्यांवर रेकॉर्डी बसलेल्या.

त्यांतली एक रेकॉर्ड त्यांची खास. प्लेअरला नवी सुई बसवली की पहिल्यांदा तीच लावायची, हा घरचा नेम. तिच्या सुरुवातीला सगळी व्हायोलिनं हळू आवाजात चालू असतात आणि त्यांच्या वर कुठंतरी एक बारीक घंटी वाजते. इतकी बारीक, की सुई जरा झिजलेली असली तरी ती हरवते. घंटी ऐकू आली की सुई चांगली, असा साधा हिशोब. आणि मध्यंतरी ती घंटी ऐकू येईनाशी झाली.

मास्तरांनी सुई बदलली. मग सुईवाल्याचा उद्धार केला आणि दुसऱ्या दुकानातून सुई आणली. मग म्हणाले, रेकॉर्डच घासलीय. दुसरी प्रत घेतली, तीही मुकी. तिसरी घेतली, तिचीही तीच तऱ्हा. "पूर्वीचा माल राहिला नाही," असं म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एक विचार येऊन छातीवर बसायचा, आणि तो काही केल्या उठत नसे. रेकॉर्डी चांगल्या असतील तर? आपलेच कान गेले असतील तर?

तेवढ्यात मामांचा निरोप आला. मामा म्हणजे दुकानाचे मालक, कुणाचे सख्खे मामा होते देव जाणे. एका घरातून जुनं सामान निघालं, त्यात तीच रेकॉर्ड आली होती, जवळजवळ न वाजवलेली. आणि उद्या सकाळी मास्तरांना मोठ्या सभागृहातला पियानो जुळवायचा होता. परगावचा नावाजलेला वादक यायचा होता, तिकिटं संपलेली. सांगायचं कारण, आज घंटी ऐकू आली तर उद्या मास्तर मास्तर राहणार होते. नाही आली तर काय, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"या मास्तर! वहिनी, या." मामांनी गल्ल्यामागून कव्हर वर धरलं. "हे बघा. नवरीसारखी जपलीय कुणीतरी."

आता पळायला वाट नव्हती. मास्तरांनी रेकॉर्ड कव्हरातून काढली, कडेला धरून उजेडात तिरकी केली. एक चरा नाही. बोटाचा ठसासुद्धा नाही. एखादा चरा सापडला असता तर मास्तरांना हायसं वाटलं असतं, अशी वेळ आली होती.

"सुई कधी बदललीत?" त्यांनी विचारलं.

"कालच. तुम्ही येणार म्हणून."

"स्पीकर?"

"स्पीकर चांगले आहेत हो. लावू का?"

"थांबा जरा. ती बाहेरची वर्दळ... दार लावून घ्या."

मामांनी दार लावलं. पंखा बंद करायला सांगितलं, तोही केला. मग मास्तरांनी चष्मा पुसला, कान पुसावेत तसा. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवर पर्स घेऊन बसली होती.

सुई टेकली. व्हायोलिनं सुरू झाली, अगदी स्वच्छ, मऊ. मास्तर डोळे मिटून उभे राहिले. ती जागा त्यांना पाठ होती. ती आली, आणि गेली. व्हायोलिनं पुढे चालत राहिली.

"परत," मास्तर म्हणाले.

मामांनी सुई मागे आणली. या वेळी मास्तरांनी डोळे उघडे ठेवले आणि बायकोकडे पाहिलं. जागा आली. नेमक्या त्या क्षणाला बायकोची हनुवटी जराशी वर झाली. घरी हजार वेळा ही रेकॉर्ड वाजली होती आणि घंटीला तिची हनुवटी हजार वेळा तशीच वर झाली होती.

"ऐकू आली का गं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. "ही पण घासलेलीच दिसतेय. चला घरी."

"अहो वहिनी, एवढी कोरी रेकॉर्ड, घंटी तर—" मामा बोलायला गेले. बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांचं पुढचं वाक्य घशातच राहिलं. मग तेही मान खाली घालून म्हणाले, "हो, तशी घासलेलीच म्हणायची."

दुधात पाणी आहे हे दूधवाल्याच्या तोंडावर सांगणारी बाई. नापास पोराला नापासच म्हणणारी. ती आज धडधडीत खोटं बोलली होती, आणि तेही नीट जमलं नव्हतं. मास्तरांना तिचा राग आला, आणि त्याच क्षणी तिच्याबद्दल इतकी माया वाटली की त्यांना तोंड फिरवून उगाच खोक्यांतल्या रेकॉर्डी पुढे-मागे करत बसावं लागलं.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि सभागृहाच्या व्यवस्थापकाला लावला.

"उद्याचं जमणार नाही मला," ते म्हणाले. पलीकडून बराच आरडाओरडा झाला. मास्तरांनी तो संपू दिला. "आजारी नाही हो. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. दुसरा माणूस बघा, आजच्या आज बघा." आणि फोन ठेवला.

मामा उगाच फडक्यानं गल्ला पुसत होते.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मास्तरांनी विचारलं.

बायकोनं पर्सची चेन उघडली, लावली. "लेकीचा पियानो जुळवलात ना मागे, तेव्हापासून," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर ती वाजवायला बसली आणि वरच्या पट्ट्यांशी येऊन थांबली. म्हणाली, आई, बाबांना सांगू नकोस. तेव्हापासून ती वरच्या पट्ट्यांना हातच लावत नाही."

मास्तर खोक्याच्या कडेवर बसले. लेकीचा पियानो जुळवल्याला बरेच महिने झाले होते. त्यानंतर त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या घरचा पियानो जुळवला होता. शाळेतला जुळवला होता. त्या म्हाताऱ्या जोडप्याचा, ज्यांनी निघताना आग्रहानं हातात हात घेतला होता. सगळ्यांनी छान झालं म्हटलं होतं.

"आणि बाकीच्यांचे?" त्यांनी विचारलं. "लेकीनंतर केले ते?"

बायकोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

मास्तरांनी फोन परत हातात घेतला.

"घरी जाऊन करा हो," ती म्हणाली.

"नको. घरी गेलो तर त्यांना सांगणं होणार नाही माझ्याच्यानं." ते डॉक्टरीणबाईंचा नंबर शोधायला लागले.