गोळीचा मुहूर्त

दोन वर्षं मूल नको, यावर डोंबिवलीच्या ऋतिका आणि देवेश या नव्या जोडप्याचं एकमत होतं. ऋतिकाला सरकारी नोकरी लागली होती आणि डिसेंबरपासून नाशिकला सहा महिन्यांचं ट्रेनिंग होतं. डॉ. प्रमोदिनींनी तपासून गर्भनिरोधक गोळ्या दिल्या. "पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करा. फार तर पाचव्या."

पाळी नेमकी पितृपक्षात आली. ऋतिकाने गावी गेलेल्या देवेशला फोन लावला.

"पितृपक्षात नवीन काही सुरू करतात का?" देवेश म्हणाला. तो इंजिनिअर होता. "घटस्थापनेला घे ना. आठवड्याचा तर प्रश्न आहे."

तिने पहिली गोळी नवव्या दिवशी घेतली. आंघोळ करून.

एकवीस गोळ्या संपल्या. मग गोळ्यांना सात दिवस सुट्टी. त्यातले पाच दिवस गेले, पाळी नाही. मग ऋतिकाने पाकिटातला कागद वाचला. पाचव्या दिवसानंतर सुरू केल्यास पुढचे सात दिवस दुसरं साधन वापरा. तिची भूकच मेली.

"मी नाशिकला डोहाळे घेऊन जाऊ?"

"अगं, डॉक्टरांना विचारू."

"तूच सांग त्यांना. पितर नाराज झाले असते म्हणावं."

दवाखान्यात देवेशने सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.

"पाळी आल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत तुम्ही कुठे होतात?"

"चिपळूणला. वडिलांचं श्राद्ध, मग जमिनीची मोजणी. घटस्थापनेला आलो."

"आणि त्यानंतरचे सात दिवस?"

"नवरात्र होतं. मी अनवाणी असतो."

"मी पायांचं विचारत नाहीये."

देवेश भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे बघू लागला. ऋतिकाच म्हणाली, "चटईवर झोपतो हा. नऊ दिवस. हॉलमध्ये."

"म्हणजे पितरांनी आणि देवीनं मिळून तुमचं कुटुंबनियोजन केलंय," डॉक्टर म्हणाल्या. "तरी टेस्ट करू."

एकच रेघ आली. ऋतिकाने ती तीनदा मोजली.

"गोळ्यांवर कधीकधी पाळी येत नाही. आठव्या दिवशी दुसरं पाकीट सुरू करा. वार, तिथी, काही बघायचं नाही. कळलं ना, साहेब?"

साहेबांनी मान डोलावली.

खाली उतरताच ऋतिकाने दोन वडापाव सांगितले. देवेशने एक उचलला, तेव्हा तिने आणखी एक सांगितला.

"काय रे," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "नाशिकला स्वेटर लागेल ना?"