समोरच्या खुर्चीत कोण?

आमच्या व्यवस्थापन विभागातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला सहा 'निष्पत्ती' आहेत. निष्पत्ती म्हणजे दोन वर्षं शिकून बाहेर पडलेल्या पोराला नेमकं काय यायला हवं ते. त्यातली चौथी माझ्या गळ्यात: 'कठीण निर्णय समोरच्याला स्पष्टपणे आणि माणुसकीने सांगता येणे.' ती मी शिकवते, आणि दरवर्षी तपासणीत तिचे आकडे असे लागतात की माझं नाक कापलं जातं.

तपासणीची रीत अशी. टेबलाच्या एका बाजूला विद्यार्थी, तो कारखान्याचा अधिकारी. समोर कामगार. पॅकिंग विभाग बंद होतोय, त्यात तुमची नोकरी जाणार, एवढं त्याला सांगायचं. कॅमेरा चालू असतो. मग दोन शिक्षक ती चित्रफीत पाहून गुण देतात. मला त्यात घेत नाहीत, कारण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. यात मी काही चूक मानत नाही.

कामगाराची भूमिका पहिल्यापासून आमचे विभागप्रमुख करतात. मुलांनी त्यांचं नाव 'पणपरंतु सर' पाडलंय, कारण त्यांचं एकही वाक्य सरळ संपत नाही. तरुणपणी नाटकांत कामं केलेली, हौस दांडगी. या एका दिवसासाठी घरून कामगाराची टोपी आणतात, आवाज खरखरीत करतात, खोकतातसुद्धा.

यंदा सत्राच्या सुरुवातीलाच त्यांनी मला बोलावलं. "बाई, तुमचा विषय चांगलाच आहे, पण आकडे बोलत नाहीत. परंतु एक वर्ष आणखी पाहू. म्हणजे यंदाही खाली आले, तर त्या तासांना डेटा-विश्लेषण घ्यावं असं वरून... पण तसं ठरलेलं नाही." मग म्हणाले, "मुळात हे शिकवता येतं का, हाच प्रश्न आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ वर्षं मी काय झोपा काढत होते? पण तोंडातून निघालं ते फक्त "बघते सर".

तपासणीच्या आधी एक सराव फेरी होते. त्यात आमचा मिठू बसला. हा मुलगा इतका गोड बोलतो की सगळे त्याला मिठूच म्हणतात. समोर टोपी घालून पणपरंतु सर. मिठूने सुरुवात केली, "सर, आपली हरकत नसेल तर... म्हणजे कंपनीच्या दृष्टीने आपलं योगदान फारच मोलाचं आहे, सर..." वेळ संपली तरी नोकरीचा 'न' उच्चारला गेला नाही. उलट सरांना बढती मिळतेय की काय, असं वाटायला लागलं. मी मागच्या बाकावर कपाळाला हात लावून बसले होते.

खोलीबाहेर आले तर जिन्यापाशी हाच मिठू आपल्या मित्राला सांगत होता, "हे बघ, प्रकल्पाच्या गटातून तुला काढायचं ठरलंय. तीन बैठका झाल्या, एकीलाही तू आला नाहीस. राग आला तर माझ्यावर काढ, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. पुढच्या सत्रात यायचं असेल तर मी तुझ्या बाजूने बोलेन."

मी तिथेच थबकले. यापेक्षा स्पष्ट काय असतं? यापेक्षा माणुसकीचं काय असतं? पोराला येत होतं! सगळं येत होतं. आम्हीच वेड्यासारखं ज्या माणसाची प्रबंधावर सही लागते त्याला समोर बसवत होतो आणि मुलांना म्हणत होतो, याला कामावरून काढून दाखवा. एवढी वर्षं आम्ही माणुसकी मोजतच नव्हतो, मुलांना विभागप्रमुखांचा धाक किती आहे ते मोजत होतो.

आता हे विभागप्रमुखांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ माझ्यावरच आली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत गेले. "सर, चहा झाला का?"

"झाला."

"तुमच्या खिडकीतून वारा छान येतो हो."

"हं."

"सर, भूमिकेच्या बाबतीत, म्हणजे आपला अभिनय तर फारच उत्तम असतो, आपली हरकत नसेल तर एखादा पर्याय..."

माझा तो आवाज माझ्याच कानांवर पडला आणि मला लाज वाटली. हुबेहूब मिठू. मी खुर्ची ओढून बसले.

"सर, सरळच सांगते. मुलांचे गुण जातात ते तुम्ही समोर बसता म्हणून. तुम्हाला 'तुमची नोकरी गेली' असं म्हणायची कुठल्याच पोराची छाती होणार नाही. यंदा तुम्ही बसू नका. हे तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे मला. पण दुसरं कुणी सांगणार नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला वाटायचं," ते हळूच म्हणाले, "माझा अभिनय इतका खरा होतो की मुलांची जीभ अडखळते."

हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते जिरलं. "वाईट वाटलं ना, सर?"

"वाटलं. पण..." ते थांबले. पुढे काही सापडलं नसावं. "वाटलं," एवढंच पुन्हा म्हणाले. मग विचारलं, "मग बसवायचं कुणाला?"

ज्याच्याशी मुलांचं काही अडत नाही असं माणूस हवं होतं. मला माझ्या थोरल्या नणंदबाई आठवल्या. उमेदीची बरीच वर्षं पॅकिंगमध्येच काम केलेल्या, आणि जिभेला हाड नाही. घरी गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. "पाठ केलेलं मी बोलणार नाही हं, आधीच सांगते," त्या म्हणाल्या. मग प्रसंग काय आहे ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. "बरं. येते."

तपासणीच्या दिवशी गुण द्यायला पणपरंतु सर आणि लेखाशास्त्राच्या बाई. चित्रफिती नंतर पाहायच्या असतात, पण यंदा दोघंही मुलांना दिसणार नाही असे, त्यांच्या पाठीमागे भिंतीकडेला येऊन बसले. मी मागे, तोंडाला कुलूप लावून.

पहिली मुलगी सुरू झाली, "संस्थेच्या व्यापक हिताचा विचार करता..."

"बाळा," वन्सं म्हणाल्या, "माझी नोकरी राहिली की गेली, तेवढं सांग आधी."

मुलगी गडबडली. वन्संकडे नीट पाहिलं तिने. "गेली, मावशी. महिनाअखेरपर्यंत आहे, नंतर नाही. चूक तुमची नाही." आणि मग ती बोलतच गेली, साधं, समजेल असं. लेखाशास्त्राच्या बाईंचं पेन भराभर चालायला लागलं. दोघं-तिघं तरीही गावाला वळसा घालून आलेच, ते काही एका दिवसात सुटणार नाही. पण बाकीच्यांनी बातमी सांगितली, आणि सांगताना वन्संच्या तोंडाकडे पाहिलं.

शेवटी मिठू. त्याने दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकलं. कारण सांगितलं, पैसे कधी मिळतील ते सांगितलं. आता उठायचं, इतक्यात वन्संनी विचारलं, "मग घरी काय सांगू मी?"

हे कुठे ठरलेलं नव्हतं. मिठूने समोरचा कागद पाहिला. त्यात उत्तर नव्हतं, त्याने तो उलटा ठेवला. "मला नाही माहीत, मावशी. पण घरी जायच्या आधी थोडं बसायचं असेल तर बसा. तुम्ही उठल्याशिवाय मी उठणार नाही."

आणि तो खरंच बसून राहिला. वन्संनी पर्समधून रुमाल काढला. कॅमेरा चालूच होता, तो बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

सगळे बाहेर पडल्यावर पणपरंतु सर माझ्याजवळ आले. "विषय राहतो," म्हणाले, आणि वाक्य तिथेच संपवून निघून गेले. मला इतका आनंद झाला की मी लेखाशास्त्राच्या बाईंचा हात धरून हलवला. त्यांना ते फारसं रुचलं नसावं.

जिना उतरताना मी वन्संना म्हटलं, "रडायचं तर ठरलं नव्हतं हो आपलं."

"ते नाटक नव्हतं गं." कठड्याला धरून त्या एकेक पायरी उतरत होत्या. "आमचं पॅकिंग बंद झालं ना, तेव्हा मला फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं. आत सोडू नको, असा हुकूम होता त्याला. बिचारा मान वर करेना. साहेब वर खिडकीत उभा होता. मी बघितलं तसा मागे सरला."

"घरी कधी बोलला नाहीत तुम्ही."

"काय बोलायचं? इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून तो बोलला नाही." त्या पुढची पायरी उतरल्या. "तुझे ते सर विचारतात ना, हे शिकवता येतं का? त्यांना सांग, येतं. त्या साहेबाला कुणी शिकवलं नव्हतं, एवढंच."