झेंडा नसलेली बोट

गेल्या साली नर्मदेच्या धरणाच्या फुगवट्यावर तपासणीचे साहेब म्हणवणारे दोघे बोटीने आले आणि फुलवंताबाईची जाळी जप्त करून गेले. साहेब खोटे निघाले. जाळी तिच्या नवऱ्याने, इंद्रसिंगने, स्वतः नीट घडी घालून दिली होती. वर चहाही पाजला होता.

"भाकरी नाही बांधून दिलीस?" हे तिने त्याला वर्षभर ऐकवलं. मग मच्छीमारांच्या सभेत मत्स्य खात्याच्या खऱ्या साहेबांशी भांडून नियम करून घेतला. तपासणीच्या सरकारी बोटीवर निळा झेंडा हवा, दोन्ही अंगांना नंबर हवा. यातलं एक जरी नसलं, तर बोट काठाला लागू द्यायची नाही.

परवा इंद्रसिंगच्या छातीत कळ आली. माणूस एवढा लांब की उचलून न्यायच्या झोळीतून पाय बाहेर लोंबत होते. त्याचा धाकटा भाऊ वाहरू त्याला दवाखान्यात घेऊन गेला. तेव्हापासून फुलवंताबाई जाळं सांधायचं निमित्त करून काठावरच बसून होती.

दुपारी बोट आली. नंबर होता, पण झेंड्याची काठी मोकळी.

तिने दगड उचलला. "ए, कोण रे? झेंडा कुठंय?"

"काकी, मी दिनेश." खात्याचा बोटवाला, तिने त्याला कितीदा तरी अडवलेलं.

"दिनेश अस नाहीतर दिनेशचा बाप. झेंडा दाखव!"

"झेंडा बोटीतच आहे, काकी."

"मग काठीला लाव की. का बायकोने पोराला लंगोट केला त्याचा?"

एरवी उलट उत्तर देणारा दिनेश इंजिन बंद करून मान खाली घालून उभा राहिला. त्याच्यामागून वाहरू उठला. एकटाच.

"वहिनी, लागू दे बोट."

दगड हातात तसाच ठेवून ती पाण्यात शिरली. बोटीत वाकून पाहिलं. दवाखान्याची चादर पायांकडून छातीपर्यंतच पुरली होती. चेहऱ्याला ऊन लागू नये म्हणून वर निळा झेंडा.

तिने दगड पाण्यात सोडला आणि बोट स्वतः ओढून काठाला लावली. झेंडा उचलला. इंद्रसिंग जाळ्याची घालायचा तशी घडी घालू लागली. अर्ध्यावरच हात थांबले.

"घे, काठीला बांध," ती दिनेशला म्हणाली. "पुढच्या पाड्यावर तुला कुणी लागू देणार नाही."

मग इंद्रसिंगच्या तोंडावर पदराची सावली धरून ती उभी राहिली.